बुलेटचा फटाका कायद्यात नेमका कुठे सापडतो? (सोप्या भाषेत)

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जळगावचा उन्हाळा म्हणजे सांगायला नको, रात्री साडेअकरालाही भिंती तव्यासारख्या, लोकं खिडक्या उघड्या टाकून नाहीतर गच्चीवर झोपलेली, आणि अशात आमच्या कॉलनीतून एक बुलेट फाट फाट फटाके फोडत गेली. रोजच जायची, पण त्या रात्री शेजारच्या आजी, बायपास झालेल्या, दचकून उठून बसल्या त्या पहाटेपर्यंत तशाच. "इतला आवाज कसाले करतस ह्या पोरे" एवढंच म्हणत राहिल्या. सकाळी मी तावातावात तक्रार द्यायला गेलो. समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, गाडीचा नंबर? म्हटलं नाही बघितला. आवाज किती होता? म्हटलं, लई होता साहेब. ते हसले. राग आला होता तेव्हा, पण घरी येऊन विचार केला तर त्यांचं काय चुकलं, "लई" हे काही माप नाही ना भो.

तिथून मी हा विषय धरला. मोटार वाहन कायदा वाचला, आरटीओचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला पिडलं, आणि माझा एक मेकॅनिक मित्र आहे त्याच्या गॅरेजवर दोन-तीन संध्याकाळी चहा पीत बसलो. सगळं वाचून ऐकून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, कायदा कमी नाहीये, उलट एकाच पाईपवर चार-पाच कलमं लागू शकतात. घोळ पुराव्याचा आहे. आवाज दोन सेकंदात हवेत विरतो, तो पंचनाम्यात लिहिता येत नाही. पण ज्या पाईपमधून तो आला तो पाईप गाडीलाच राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पण तिथेच असतो. जिथे कुठे कारवाई नीट होते तिथे लोक आवाजाच्या मागे पळत नाहीत, पाईपाच्या मागे लागतात. हे नीट कळायला आधी सायलेन्सर काय करतो ते बघू.

इंजिनात पेट्रोल जळालं की एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गरम वायूचा दाबलेला लोट एकदम बाहेर पडतो, प्रत्येक वेळी एक छोटा धमाकाच समजा. हा लोट सरळ बाहेर सोडला तर बंदुकीसारखा आवाज येईल. म्हणून सायलेन्सरच्या आत कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, कुठे काचेच्या लोकरीसारखं मटेरियल भरलेलं असतं. लोट मोठ्या कप्प्यात शिरला की पसरतो, दाब कमी होतो, भिंतींवर आपटून आलेल्या लाटा एकमेकींना मारतात, आणि बाहेर येईपर्यंत धमाक्याचा भुर्रर्र होतो. आता इंदोरी म्हणा, पंजाब म्हणा, जे काही नावाने हे पाईप विकतात त्यात आतलं हे सगळं सामान जवळपास नसतंच, सरळ नळी. माझा मित्र म्हणतो "भो, त्याला सायलेन्सर म्हणायचं म्हणजे मुक्याला वक्ता म्हणण्यासारखं आहे." उलटं झालं ते, पण मुद्दा कळला.

आणि फटाके? ते वेगळं प्रकरण. पोरं चालत्या गाडीत स्विच क्षणभर बंद करतात, ठिणगी बंद पण इंजिन फिरतंच आहे, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल एग्झॉस्टच्या नळीत जमतं, मग स्विच चालू केला की ते पेट्रोल गरम नळीतच पेटतं. ठाण्ण. म्हणजे हा आवाज गाडीचा दोष नाही, मुद्दाम काढलेला आहे, हे लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या नव्या गाड्या बीएस सहाच्या (धुराबद्दलचं सरकारी मानक), त्यांच्या एग्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो जो विषारी वायू कमी करतो. बऱ्याच वेळा कंपनीच्या सायलेन्सरबरोबर तोही निघतो आणि भंगारात जातो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महागडे धातू असतात म्हणून त्याला गिऱ्हाईकही असतं. म्हणजे आवाज तर वाढतोच, वर धूर पण.

आता डेसिबल. हा शब्द सगळे फेकतात पण हे माप साध्या पट्टीसारखं नाही. ८० वरून ९० झालं म्हणजे थोडंसं वाढलं असं नाही, आवाजाची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. ८० चे १०० झाले तर ऊर्जा शंभरपट. ८० डेसिबलच्या एकसारख्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून सुरू केल्या तर १६० होत नाही बरं का, ८३ होतं. आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण "९५ डेसिबल होता" या वाक्याला काही अर्थच नाही जोपर्यंत किती अंतरावरून मोजला ते सांगत नाही. साडेसात मीटरवरचा ९५ आणि पाईपला मोबाईल चिकटवून घेतलेला ९५ यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

कायद्यातला आकडा कुठला? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२० म्हणतो की प्रत्येक गाडीला, अगदी ट्रॅक्टरला पण, सायलेन्सर पाहिजे आणि गाडी पर्यावरण संरक्षण नियमातल्या आवाजाच्या मर्यादेत राहील अशीच बनवलेली आणि ठेवलेली पाहिजे. "ठेवलेली" हा शब्द मोलाचा. कंपनीने बरोबर बनवून दिली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. मर्यादा २००५ पासूनच्या अशा आहेत की ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, आणि त्याच्यावरच्या सगळ्यांना, म्हणजे बुलेट आली त्यात, ८०. नऊ सीटपर्यंतच्या कारला तर ७४ च. म्हणजे गंमत बघा, कायद्याच्या हिशोबाने कारने बुलेटपेक्षा गप्प राहायचं आहे. हे आकडे कारखान्यातल्या टेस्टचे, गाडी जोरात रेस करत नेताना साडेसात मीटरवरच्या माईकने घेतलेले.

ही मर्यादा मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०, पोटकलम दोन. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. दुसऱ्यांदा सहा महिन्यांपर्यंत. आणि हे कलम नुसत्या चालवणाऱ्याला नाही तर "चालवू देणाऱ्याला" पण लागतं, म्हणजे आरसीबुकवर पप्पांचं नाव असेल तर पप्पा पण आत येऊ शकतात.

कागदावर किती कडक आहे ना. मग होत काय नाही?

होत नाही कारण आकडा मोजायचा तर रीतसर मोजावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी उभ्या गाडीची टेस्ट आहे, भारतीय मानक १०३९९ त्याचं. गाडी मोकळ्या जागेत उभी करायची, एग्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशाच्या कोनात माईक, इंजिन ठराविक आरपीएमवर (मिनिटाला फेरे) न्यायचं, मग मीटर बघायचा. मीटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे बरोबर दाखवतो हे तपासून घेतलेला पाहिजे. आजूबाजूचा आवाज बराच कमी पाहिजे, नाहीतर मीटर गाडीचा आकडा दाखवतोय की मागून येणाऱ्या ट्रकचा हे कोण सांगणार. आता मला सांगा अजिंठा चौफुलीवर भर दुपारी, इकडून सुरतकडचे कंटेनर तिकडून नागपूरकडचे, वर एसटीचा हॉर्न, तिथे ही टेस्ट कशी करायची? पोलिसाकडे मीटर असला तरी तो त्या चौकात काय दाखवणार. कोर्टात वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, मीटरचं सर्टिफिकेट दाखवा, मागचा आवाज किती होता दाखवा. आणि आपण मोबाईलवर ॲप टाकून "बघा १०२ दाखवतंय" म्हणतो त्याला तर कुणी उभं पण करत नाही. प्रत्येक फोनचा माईक वेगळा, मोठ्या आवाजाला तो स्वतःच आवाज दाबतो.

म्हणून दुसरा रस्ता, पाईपाचा. कलम ५२. आरसीमध्ये कंपनीने दिलेली जी माहिती आहे ती बदलेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट केलं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीत बदल चालणार नाही, आणि केरळ हायकोर्टाने दिलेली ढील काढून घेतली. सीएनजी किट बसवणं, अपंग माणसासाठी गाडी अनुकूल करून घेणं, परवानगी काढून इंजिन बदलणं हे चालतं, पण मान्यताप्राप्त वस्तू आणि आरसीवर नोंद पाहिजे. आता यात एक कायदेशीर पाचर आहे. कलम ५२ मध्ये बदल म्हणजे काय याचा खुलासा दिलाय, गाडीच्या रचनेत असा बदल ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. मग वकील म्हणतात, साहेब सायलेन्सर बदलला तर गाडीची रचना कुठे बदलली, दोन बोल्ट तर काढले. ही फट बुजवायला २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यातलं चौथं पोटकलम आपल्या कामाचं. मालकाने गाडीत बदल केला, "पार्ट बसवून केलेला बदल" धरून, आणि तो कायद्यात किंवा नियमात बसत नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे! म्हणजे सायलेन्सर एक, मल्टिटोन हॉर्न दुसरा, अशी बेरीज होऊ शकते. आणि इथे डेसिबल मोजायची गरजच नाही, पाईप कंपनीचा नाही आणि आतमध्ये जाळी-कप्पे नाहीत हे डोळ्याने दिसतं. अनुभवी ट्रॅफिक हवालदार गाडी बंद असताना पाईपात बोट घालून सांगतो.

तिसरं कलम १९४एफ. हे हॉर्नचं म्हणून ओळखतात, विनाकारण सतत हॉर्न वाजवला किंवा हॉर्न बंदीच्या पाटीजवळ वाजवला तर पहिल्यांदा एक हजार, पुढच्या वेळी दोन हजार. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की सायलेन्सर सोडून दुसरीकडून धूर बाहेर काढणारा कट-आउट वापरला तरी तोच दंड. ही बाब बऱ्याच जणांना माहितीच नाही. हॉर्नमध्ये नियम ११९ पण येतो, एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा, कर्कश, दचकवणारा हॉर्न लावायचाच नाही. आपल्याकडे लग्नाच्या सीझनला पिकअप आणि ट्रॅव्हल्सवर जे वाजत असतं ते सगळं यात बसतं. असो, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

मग प्रत्यक्षात चौकात काय होतं? यातल्या बहुतेक कलमांना कलम २०० प्रमाणे तडजोड करता येते, म्हणजे कोर्टात न जाता राज्य सरकारने ठरवलेली रक्कम भरायची आणि मोकळं व्हायचं. आपण ज्याला पावती फाडली म्हणतो ते हेच, आता ई-चलन. त्यामुळे कायद्यात दहा हजार आणि कैद लिहिलेली असली तरी पोराच्या हातात बऱ्याचदा त्याहून बरीच लहान रक्कम पडते. पाईप दोन-अडीच हजारात मिळतो, पोरगं मनात हिशोब करतं, पाईपाच्या किमतीत अजून थोडे घातले झालं. म्हणून मग राज्यात बऱ्याच शहरांत पोलीस सायलेन्सर तिथेच खोलून घेतात आणि जमले की रस्त्यावर ओळीने मांडून वर रोड रोलर फिरवतात. फोटो भारी येतो, पेपरला छापून येतो. मला विचाराल तर मी याच्यावर हसत नाही. दंड बापाच्या खिशातून जातो, पाईप पोराचा जातो. आणि चपटा झालेला पाईप परत कुणाच्या गाडीला लागत नाही, हे दंडापेक्षा मोठं आहे.

ई-चलनाच्या कॅमेऱ्याबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे. तो सिग्नल तोडलेला बघतो, हेल्मेट नाही ते बघतो, आवाज ऐकत नाही. बाहेर देशात ऐकणारे कॅमेरे आलेत खरे. फ्रान्समध्ये २०२२ पासून पॅरिसमध्ये आणि शेजारच्या भागात चार माईकचं एक यंत्र खांबावर लावून ट्रायल घेतली, चारही माईकला आवाज सूक्ष्म फरकाने पोचतो त्यावरून तो कुठल्या गाडीतून आला ते कळतं आणि सोबतचा कॅमेरा नंबर टिपतो, दंड १३५ युरो ठरवलेला. त्या यंत्राला त्यांनी मेदूझ म्हणजे जेलिफिश नाव दिलंय. म्हणजे तिथे त्यांनी आवाजच पकडायची सोय केली. आपल्याकडे एका लेनमध्ये तीन रिक्षा, दोन बुलेट, एक ट्रॅक्टर आणि मधे गाय, तिथे ते यंत्र काय करेल देव जाणे.

एक प्रश्न मला सारखा पडायचा की मग दरवर्षी पीयूसी काढतो तेव्हा हे कसं सापडत नाही. उत्तर सोपं आहे, पीयूसीमध्ये आवाज मोजतच नाहीत. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा, संपलं. सर्टिफिकेटवर "प्रदूषण नियंत्रणात" छापून येतं आणि बाहेर पडल्या पडल्या गाडी अख्खी गल्ली उठवते. फिटनेसचं म्हणाल तर टॅक्सी, ट्रक, काळीपिवळी असल्या भाड्याच्या गाड्यांना ठराविक काळाने आरटीओत जावं लागतं, पण घरच्या दुचाकी-कारला पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. आणि ज्यांना जावं लागतं ते जायच्या आदल्या दिवशी कंपनीचा सायलेन्सर परत बसवतात. मित्राच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीवर असे सात-आठ सायलेन्सर टांगलेत, प्रत्येकाला दोरीने चिठ्ठी बांधलेली. म्हटलं हे काय. म्हणे "गिऱ्हाईकांचे आहेत भो, टाकू नका सांगितलंय मी सगळ्यांना, चलन आलं की लागतो." म्हणजे कारवाईच्या भीतीवर पण धंदा. (त्याला मी तोंडावर बोललो की तू बसवतोस म्हणून होतं हे, तर म्हणे मी नाही बसवला तर समोरचा बसवतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून पण नाही.)

आणि इथे कायद्याचा खरा लंगडा पाय दिसतो. चालवणारा सापडतो, मालक सापडतो, विकणारा निसटतो. कलम १८२ए मध्ये विक्रेत्यासाठी पोटकलम आहे आणि शिक्षा दणदणीत आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा नगाला एक लाख, पण ते अशा पार्टसाठी ज्यांना सरकारने महत्त्वाचा सुरक्षा घटक म्हणून अधिसूचित केलंय. दुकानदार म्हणणार सायलेन्सर सुरक्षेचा पार्ट कसा, ब्रेक थोडीच विकतोय, आणि मी तर शोसाठी विकतो, रस्त्यावर लावा असं कुठं म्हटलं. ऑनलाइन तर विचारूच नका. धुळ्याहून इंदूरचा हायवे सरळ आहे, पळासनेर ओलांडलं की पुढे मध्य प्रदेशच, पार्सल सकाळी निघालं तर संध्याकाळी इथे. जोपर्यंत पाईप विकत मिळतोय तोपर्यंत चौकातला हवालदार म्हणजे भोक पडलेल्या बादलीने पाणी काढतोय.

बाकीच्या बदलांबद्दल थोडक्यात सांगतो कारण विचारतात लोकं. काचेला पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली ती याच नियमावरून. पुढचे लोखंडी बुल बार, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की कारवाई करा, कारण धडकेत समोरच्या पायी माणसाला ते जास्त मारतात आणि एअरबॅगच्या सेन्सरचा पण घोळ होतो. रंग बदलला तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद, कारण रंग आरसीवर लिहिलेला असतो. नंबर प्लेटवर ४१४१ चं "दादा" करायची आपली महाराष्ट्राची जुनी कला आहे, एमएच १९ असो, १८ असो का ३९, ती पण चालत नाही. आणि फॅन्सी प्लेटचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे, कारण आवाज काढून पळणाऱ्याचा नंबर वाचता आला नाही तर तक्रार तिथेच मेली. माझी मेली तशी.

एक गोंधळ अजून दूर करतो. लोक म्हणतात रहिवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे मग ८० ची गाडी कशी चालते? हे दोन वेगळे नियम आहेत. ५५ दिवसा आणि ४५ रात्री (रात्र म्हणजे दहा ते सहा) हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमातलं परिसराचं माप आहे, बराच वेळ मोजून काढलेली सरासरी, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरमधल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. गाडीचं ७५-७७-८० हे एका यंत्राचं माप आहे, विशिष्ट टेस्टमधलं. एक भांड्याचं माप आहे, दुसरं विहिरीचं, दोन्ही एकमेकांत ओतून भांडायचं नाही. पण त्याच ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री रहिवासी भागात आणि शांतता क्षेत्रात तातडीची गरज सोडून हॉर्न वाजवू नये असं पण आहे, ते मात्र सरळ लागू पडतं. हायकोर्टांनी पण या विषयात स्वतःहून लक्ष घातलंय, २०२१ च्या जुलैत अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठाने मॉडिफाय केलेल्या सायलेन्सरच्या आवाजाची दखल घेऊन सरकारला विचारणा केली होती.

आता तक्रार कशी करायची, जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आवाजाचं वर्णन लिहीत बसू नका. "असह्य", "कानठळ्या", "हृदयविकाराचे रुग्ण" हे सगळं खरं असतं पण त्यावर कुणाला चलन करता येत नाही. नंबर, तारीख, वेळ, रस्ता. शक्य झालं तर गाडी उभी असताना मागून एक फोटो ज्यात प्लेट आणि पाईप दोन्ही दिसतील, हा फोटो दहा व्हिडिओंवर भारी आहे. गाडी रोज त्याच वेळी जाते असं असेल तर ते ठळक लिहा, "रोज रात्री ११ ते ११.३०, अमुक चौकाकडून तमुककडे", कारण मग पोलिसाला पाठलाग करायची गरज नाही, उभं राहायचं फक्त. त्या वेळी आवाज चालू असेल तर ११२. बाकी वेळ ट्रॅफिक शाखा, राज्य पोलिसांचं महाट्रॅफिक ॲप आहे त्यातून पण फोटोसकट कळवता येतं, आणि आरटीओला लेखी दिलं तर त्यांचं वायुवेग पथक असतं रस्त्यावर तपासणी करणारं. आरटीओला एक जास्तीचा अधिकार आहे जो पोलिसांकडे नाही, गाडी नियमात नसेल तर कलम ५३ खाली, मालकाला बाजू मांडायची संधी देऊन, रजिस्ट्रेशनच निलंबित करायचा. तो वापरला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, पाच वेळा पावती फाडण्यापेक्षा एकदा आरसी अडकवा, गाडी घरात राहील. आणि एक, स्वतः रस्त्यात गाडी अडवायला जाऊ नका, चावी काढायला जाऊ नका, एक तर तो आपला अधिकार नाही आणि रात्री कुणाचं डोकं कसं फिरलेलं असेल सांगता येत नाही.

आमच्या कॉलनीचं काय झालं ते सांगतो. नंबर मिळवायला मला जास्त दूर जावंच लागलं नाही, मागच्याच गल्लीतली गाडी निघाली, आप्पांच्या मोठ्या पोराची. आप्पा म्हणजे सज्जन माणूस, लेवा बोर्डिंगात आमचे वडील आणि ते सोबत होते म्हणून घरोबा. लेखी तक्रार द्यायच्या आधी म्हटलं एकदा बोलून बघू. आप्पांना १९० सांगितलं, १८२ए सांगितलं, आप्पा नुसते "हो ना भाऊ, पोरं ऐकत नाही" करत बसले. मोठं पोरगं शेजारी बसून मोबाईल बघत होतं, दंड ऐकून त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग बोलता बोलता काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या की मोठा तरी दहाच्या आत घरी येतो, रात्री ती गाडी धाकटा नेतो. धाकटा सोळाचा. अकरावीत.

तेव्हा मी त्यांना कलम १९९ए सांगितलं. अठराच्या आतल्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरतात, पालकाला माहिती होतं असंच कोर्ट गृहीत धरून चालतं, नव्हतं हे पालकाने सिद्ध करायचं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आणि हे तडजोडीच्या यादीत नाही, म्हणजे चौकात पैसे भरून मिटत नाही. आप्पांनी कप खाली ठेवला. काकूंनी विचारलं, "पंचविशीपर्यंत म्हणजे? त्याला तर पोलीस भरतीला बसायचंय." मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी माळ्यावरून कापसाच्या गोणपाटात गुंडाळलेला कंपनीचा सायलेन्सर खाली आला, माझ्याच मित्राच्या गॅरेजवर बसवला, गाडीची चावी आता काकूंच्या कपाटात असते. शेजारच्या आजी रात्री झोपतात, लाइट गेली तरच उठतात. तो इंदोरी पाईप मात्र फोडला नाही कुणी, पोराने तो जिथून आणला होता त्याच दुकानात अर्ध्या किमतीत परत दिला. म्हणजे एव्हाना तो जळगावात नाहीतर भुसावळला दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागलेला असणार.